आधी केस पेपर

सांगलीत अमली पदार्थांची बातमी येते ती छाप्याची. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलीस माग काढत कुपवाडपर्यंत आले. मार्चमध्ये मुंबई गुन्हे शाखेनं कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा, कारखाना उघड केला आणि शंभर किलोंहून जास्त माल उचलला. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक कारखाना सापडला. किलो आणि कोटींचे आकडे पेपरात येतात, ते यायलाच हवेत. पण ज्या घरात एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं एमडी ओढतंय, त्या घराला आता कुठं जायचं, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं आणि तिथं गेलं की पोलीस पोराला उचलतील का, हे त्या बातमीतून कळत नाही. ही वाट अनेक कुटुंबांसोबत चालून जे समजलं, जिथं अडलं आणि का अडलं, ते इथं लिहितो आहोत.

पहिली चूक पहिल्या दोन दिवसांतच होते. मोबाईल काढून घेतात, गाडीची किल्ली लपवतात आणि पोराला मळ्यातल्या खोलीत नेऊन बाहेरून कडी लावतात. ‘चार दिवस कळ काढ, उतरंल.’ एमडी घेणाऱ्याचे पहिले दोन-तीन दिवस झोपण्यात आणि खाण्यात जातात, घरच्यांना वाटतं सुटलं. मग उदासी येते. ती इतकी खोल असते की जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, आणि ते नेमके कडी लावलेल्या खोलीत, एकटं असताना. झोपेच्या गोळ्यांचा धोका आणखी वेगळा. नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम, पोरांच्या भाषेत ‘बटण’, रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते आणि फिटमध्ये जीव जाऊ शकतो. दारूचंही तसंच: शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट, आणि दोन ते चार दिवसांत थरथर, घाम, भास. गांजा सोडला तर चिडचिड होते, झोप उडते, पण जीव जात नाही. म्हणजे काय बंद करायचं हे ठरवण्याआधी काय चालू आहे ते कळायला हवं. त्यात बहुतेक पोरं एका पदार्थावर नसतात. एमडीनं रात्रभर जागलेला सकाळी झोपायला बटण घेतो, वर दारू असतेच. मळ्यात कोंडण्याचा निर्णय प्रेमापोटी आणि लाजेपोटी होतो हे आम्हाला माहीत आहे. तरीही तो घेऊ नका.

खोली झाडताना गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, औषधाच्या कुप्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या फेकू नका. त्यावरचं औषधाचं नाव डॉक्टरांना लागतं आणि बॅच नंबर पुढं दुसऱ्या कामाला येतो. सुई सापडली तर उघड्या हातानं उचलू नका, झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत टाका. पुडी सापडली तर ‘डॉक्टरांना दाखवू’ म्हणून खिशात घालून निघू नका. बाळगणं हाच गुन्हा आहे आणि ज्याच्या खिशात माल त्याच्यावर तो लागतो, मग तो बाप का असेना. डॉक्टरांना पुडीची गरजच नसते. तिचं काय करायचं ते आधी वकिलाला विचारा.

आता सिव्हिल. पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय सांगलीत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत, आणि विभाग या दोन ठिकाणी वाटलेले. मानसोपचाराची ओपीडी कुठल्या इमारतीत, कुठल्या वारी आणि किती वाजेपर्यंत, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या. पोरगं ‘येतो’ म्हणालं की ती तयारी काही तासच टिकते, आणि बंद ओपीडीच्या दारातून परत फिरलेला माणूस पुन्हा लवकर येत नाही. ओपीडीची वेळ नसेल आणि फिट, भास, बेशुद्धी किंवा मरणाची भाषा असेल, तर थांबू नका, थेट अपघात विभागात जा.

सोबत पेशंटचं आणि नातेवाइकाचं आधार कार्ड, जुने कागद आणि त्या रिकाम्या पट्ट्या घ्या. खिडकीवर ‘मानसोपचार’ एवढं सांगितलं तरी पुरतं, नशेचं बोलणं आत. मात्र नाव खरं द्या. खिडकीवर हळू आवाजात चाललेलं बोलणं ठरलेलं असतं:

‘मावशी, पेशंटचं नाव?’

‘भाच्याच्या नावावर काढला तर चालंल का?’

चालत नाही. भाच्याच्या नावचा केस पेपर पोराला कुठंच उपयोगी पडत नाही. कायद्याचं सगळं संरक्षण पुढं ज्या कागदावर उभं राहणार आहे, तो कागद म्हणजे हा केस पेपर. त्यावर आधारवरचंच नाव, तारीख आणि शिक्का हवा. गुप्ततेची भीती वाटते, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ नं पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. उपचाराला आला म्हणून डॉक्टर पोलिसांत कळवत नाहीत.

आत गेल्यावर डॉक्टर विचारतात: काय घेतो, कसं घेतो, किती, कधीपासून, आणि शेवटचं कधी. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तासांत द्यायचं असतं, कारण औषध कुठलं आणि कधी सुरू करायचं ते त्यावरच ठरतं. आई-वडिलांसमोर पोरगं निम्मं सांगतं. तेव्हा तुम्हीच उठून दहा मिनिटं बाहेर बसा.

मग लघवीची तपासणी, आणि इथं सर्वांत जास्त गैरसमज होतात. हल्ली औषधाच्या दुकानातून किट आणून लोक घरीच पट्टी लावतात. पट्टीवर दोन जागा असतात, ‘सी’ आणि ‘टी’. गरोदरपणाच्या पट्टीत दोन रेघा म्हणजे होय. इथं उलटं आहे. ‘टी’ समोर रेघ उमटली, मग ती कितीही फिकट असो, तर तो पदार्थ सापडला नाही. ‘टी’ ची रेघ उमटलीच नाही तर सापडला. ‘सी’ ची रेघ नसेल तर पट्टीच बाद. फिकट रेघ बघून ‘थोडं थोडं घेतोय’ असा निष्कर्ष काढून पोराला बडवलेलं आहे, आणि त्या दिवशी पोरगं खरं बोलत होतं.

दुसरी अडचण अशी की नेहमीच्या पाच-सहा पदार्थांच्या पट्टीत मेफेड्रोन भरवशानं सापडत नाही. ते कॅथिनोन गटातलं रसायन आहे, अँफेटामिनची पट्टी त्याला बहुतेकदा ओळखत नाही. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी अफूच्या पट्टीत दिसत नाही. क्लोनाझेपामसारख्या गोळ्या झोपेच्या औषधांच्या पट्टीतून निसटतात. म्हणून ‘रिपोर्ट निल आला’ याचा अर्थ ‘काही घेतलं नाही’ असा नाही. मेफेड्रोनसाठी वेगळी पट्टी किंवा प्रयोगशाळेतली यंत्रावरची तपासणी लागते, तीही घेतल्यापासून दोन-तीन दिवसांतच. गांजाचं याच्या उलट: एखाद्या वेळी ओढलेला तीनेक दिवस दिसतो, पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यावरही महिनाभर दिसू शकतो. सोडून तीन आठवडे झालेल्या पोरावर पट्टीच्या जोरावर खोटारडेपणाचा शिक्का मारला की त्याची उमेद तिथंच संपते. नमुना खरा आहे का ते हातात घेतल्या घेतल्या कळतं. ताजी लघवी चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंशांत असते, डबी कोमट लागते. गार डबी आणि पाण्यासारखा रंग असेल तर नळाचं पाणी मिसळलं असण्याची शक्यता धरा.

पोलिसांच्या भीतीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ती भीतीच लोकांना सिव्हिलपासून लांब ठेवते. अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, १९८५ चा आहे. त्याच्या कलम २७ मध्ये सेवन हाच गुन्हा आहे: गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हेरॉईन-कोकेनसाठी वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात वा संस्थेत उपचाराला गेला आणि उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. आरोपीनं हे कलम मागायचं असतं आणि कागद दाखवायचा असतो. आपोआप काही मिळत नाही. मान्यता नसलेल्या खासगी केंद्राची पावती इथं कामाला येत नाही.

आता ‘अल्प प्रमाण’ म्हणजे किती. गांजा १ किलो, चरस १०० ग्रॅम, हेरॉईन ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, मेफेड्रोन २ ग्रॅम. व्यापारी प्रमाण गांजाचं २० किलो, मेफेड्रोनचं ५० ग्रॅम. आकडे शेजारी ठेवून बघा. एमडीच्या चार पुड्या एकत्र तीन ग्रॅम भरल्या की पोरगं अल्प प्रमाणाच्या बाहेर गेलं. त्यात निम्मी भेसळ होती हे सांगून उपयोग नाही, कारण सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं असं ठरवलं. दोन ग्रॅमच्या आत शिक्षा वर्षापर्यंत, वर गेलं की दहा वर्षांपर्यंत, आणि ६४-अ चं दार बंद. चार दोस्तांनी पैसे काढून एकाच्या खिशात माल ठेवला, तर वजन त्या एकाचं धरलं जातं. पोरांना हे माहीत नसतं. कॉलेजात व्याख्यान देणाऱ्यांनी ‘नशा वाईट’ यावर अर्धा तास घालवण्यापेक्षा ही दोन ग्रॅमची गोष्ट फळ्यावर लिहावी असं आमचं ठाम मत आहे.

पोरगं पकडलं गेलंच, तर अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना काय घेतो आणि शेवटचं कधी घेतलं ते सांगायला लावा, म्हणजे कागदावर येतं. रोज झोपेच्या गोळ्या घेणारा कोठडीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊन पडू शकतो. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती हवी का’ हे विचारणं कलम ५० नं बंधनकारक आहे; ते विचारलं का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. दोष सिद्ध झाला तरी कलम ३९ आहे. कोर्ट वय, पूर्वचरित्र आणि प्रकृती पाहून, आरोपीच्या संमतीनं त्याला सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचाराला पाठवू शकतं. बंधपत्र द्यावं लागतं आणि वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टापुढं ठेवावा लागतो. इथंही वकिलाच्या हातात जुना, तारीखवार केस पेपर असेल तर अर्जाला वजन येतं. अटकेच्या दुसऱ्या दिवशी काढलेला आणि चार महिने आधी काढलेला, यातला फरक कोर्टाला दिसतो.

दाखल होण्याचे दोन रस्ते. स्वतःच्या सहीनं दाखल झालेला ‘मला जायचं आहे’ म्हणाला की त्याला सोडावं लागतं. अवस्था गंभीर असेल तर डॉक्टर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात. सही करण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्यापासून स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे सहसा आई-वडील किंवा पत्नीच्या, अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावं लागतं, पेशंट स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ‘गाडी पाठवतो, रात्री उचलून नेतो’ असं सांगणाऱ्या केंद्रात यातलं काहीच होत नाही.

केंद्र निवडताना मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हणा. समाजकल्याणचं अनुदान आहे का, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो आणि रात्री फिट आली तर कुठं नेता, हे विचारा. साखळीनं बांधणं कायद्यानं सरळ मना आहे. पहिल्या महिन्यात भेटूच देत नाही म्हणणाऱ्या ठिकाणी पोराला ठेवू नका. आपल्या भागातल्या एका केंद्रातून पोरगं घरी आलं तेव्हा पायाच्या घोट्याभोवती काळा वळ होता, आणि ते पुन्हा कुठल्याच डॉक्टरकडं जायला तयार नव्हतं. त्या वळाची किंमत पुढं दोन वर्षं मोजावी लागली.

औषधांबद्दल थोडक्यात. मेफेड्रोन सोडवणारी ठरावीक गोळी नाही. झोप, उदासी, संशय यांवर उपचार होतो, बाकी काम समुपदेशनाचं. झोपेच्या गोळ्या एकदम बंद न करता बदली औषध देऊन, आठवड्या-दोन आठवड्याला मात्रा थोडी थोडी उतरवत आणतात, त्याला महिने लागतात. घरच्यांना वाटतं डॉक्टर नवं व्यसन लावतोय आणि मधेच बंद करतात. अफूच्या वर्गातल्या पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवतात, पण अंगदुखी, जांभया, नाक गळणं सुरू झाल्यावरच. आधी दिलं तर त्रास उसळतो. ही गोळी गिळायची नसते, विरघळू द्यायची असते.

इंजेक्शनचा प्रकार वेगळा आहे. मेफेन्टरमाईन हे भूल देताना उतरलेला रक्तदाब वाढवायचं औषध. जिममधली पोरं ते ताकदीसाठी म्हणून टोचून घेतात आणि अडकतात. ते एनडीपीएसच्या यादीत नाही, म्हणून ‘यात केस होत नाही’ असा समज पसरला आहे. विकणाऱ्यावर होते. विनापरवाना औषध विकणं हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम १८ (क) चा भंग आहे आणि त्याला किमान तीन ते कमाल पाच वर्षं कैद आहे. परवाना असलेल्या दुकानानं चिठ्ठीविना बटण विकलं तर त्याचं ‘एच-१’ रजिस्टर तपासता येतं: पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि नग, तीन वर्षं जपून ठेवायचं. अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करताना ‘अमुक चौकातला मेडिकलवाला नशा विकतो’ एवढंच लिहिलं की ती पडून राहते, कारण निरीक्षकानं शोधायचं काय हेच त्यात नसतं. त्याऐवजी दुकानाचं नाव, वार, वेळ आणि जपून ठेवलेल्या पट्टीवरचा बॅच नंबर द्या. बॅचवरून घाऊक विक्रेता आणि खरेदीची बिलं निघतात, खरेदी शंभर पट्ट्या आणि रजिस्टरमध्ये सात, हे कागदावर दिसतं. बिलाचा आग्रह म्हणूनच धरायचा.

विकणारा अठराच्या आतल्या पोराला देत असेल तर तक्रारीत पोराचं वय लिहा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नं त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. यात पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी लहान मुलं विसरली जातात. ते दुकानात उघड मिळतं, यादीत नसतं, त्यामुळं छाप्यात येत नाही. ही मुलं बाल कल्याण समितीपुढं न्यायची असतात, पोलीस कोठडीत नाही.

अमली मालाची खबर द्यायची असेल तर १९३३ किंवा ११२ वर फोन करा. नाव न सांगता देता येते. खबर कुठून मिळाली हे उघड करायला एनडीपीएसच्या कलम ६८ नुसार अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही, ही गोष्ट गावात फार कमी जणांना माहीत आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समन्वय समिती असते, तिच्यात पोलीस, औषध प्रशासन, वन, कृषी सगळे बसतात. तिच्यापुढं जप्तीच्या किलोंसोबत व्यसनमुक्तीच्या ओपीडीत किती नवे पेशंट आले आणि किती जण तीन महिन्यांनी टिकले, हा आकडाही दर वेळी मांडला जावा अशी आमची मागणी आहे.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. स्वतःचे वैद्यकीय कागद मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. अफूच्या वर्गातलं व्यसन असेल तर पहिले काही आठवडे जपा: शरीराची सवय मोडलेली असते, जुन्याच मात्रेत श्वास थांबू शकतो. पुन्हा घेतलं तर लपवायला लावू नका, त्याच आठवड्यात ओपीडीला न्या आणि डॉक्टरांना तसं लिहू द्या. मधेच घसरून परत आलेला उपचारातच असतो, न आलेला उपचार सोडलेला धरला जातो. गर्दीच्या दिवशी ओपीडीत जाता आलं नाही तर १४४४६ वर समुपदेशक मिळतो, पण फोनचा शिक्का कागदावर उमटत नाही. म्हणून प्रत्येक तारखेला तोच केस पेपर न्या. हरवला तर नवा काढताना जुना नोंदणी क्रमांक सांगा, आणि पहिल्या दिवशीच मोबाईलवर त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.